पोचेपर्यंत

टेबलाशी बसलेल्या मुलीनं मान खाली ठेवूनच विचारलं, "इमर्जन्सीला कोनाचा नंबर टाकू, ताई?" आणि सोनालीनं दहा आकडे घडाघडा सांगून टाकले. मुलीनं ते लिहिले, पुन्हा वाचून दाखवले, बरोबर आहेत ना म्हणून वर पाहिलं. बरोबर होते. एकही आकडा चुकला नव्हता. फक्त तो नंबर आईचा होता, आणि आईला जाऊन पाच वर्षं होत आली होती. सोनालीला तोंडपाठ असलेला तो एकुलता एक नंबर. कुणालशी लग्न होऊन चौदा वर्षं झाली, पण नवऱ्याच्या नंबराचे शेवटचे चार आकडे आले की ती अजून अडखळते. "थांब, तो नको," असं ती म्हणणार होती. पण फोन पिशवीत होता, पिशवी सायकलीजवळ होती, मागं रांगेत दहा-बारा जण कुडकुडत होते, आणि मुलीनं मार्करचं टोपण काढून तिचा दंड धरलासुद्धा होता. एकशे सतरा. शाई गार लागली. राहू दे तोच, सोनालीच्या मनात आलं. आज काही झालंच तर या पोरी आईला फोन लावतील आणि तो लागणार नाही, एवढंच ना. या विचारानं तिला हसू आलं.

जानेवारीतली सकाळ होती. लोधीखेड्याच्या पलीकडं, धरणाच्या पाण्यावर धुकं बसून राहिलेलं, उठायचं नावच घेत नव्हतं. स्पर्धा नागपूरच्या हौशी लोकांनी भरवलेली: आधी धरणात दीड किलोमीटर पोहायचं, मग सौंसरवरून रामाकोन्याच्या अलीकडपर्यंत सायकलीनं जाऊन परत यायचं, ते चाळीस किलोमीटर, आणि मग कपाशीच्या शेतांमधून दहा किलोमीटर धावायचं. सगळं मिळून चार तासांत. सातला शिट्टी, अकराला खेळ खलास. पांढुर्ण्याच्या पोस्टात तिनं रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबांनी कारण वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एकाच दिवशी तिन्ही? होय सर. आणि मिळतं काय? मेडल. सगळ्यांना? जे पोचतात त्यांना, असं तिनं सांगितलं, आणि साहेबांनी सही करेपर्यंत ती त्या शब्दांपाशीच अडकून उभी राहिली. जे पोचतात त्यांना. पाण्याची तिला भीती नव्हती, सायकलीची नव्हती, उन्हाची तर मुळीच नव्हती. अडतिसाव्या वर्षी जेवढं अंग कामाला लावता येतं तेवढं तिनं लावलं होतं. तिची भीती वेगळीच होती आणि ती कुणाला सांगावी अशीही नव्हती. तिला पोचण्याची भीती वाटत असे.

हे असं दोनदा झालं होतं. पहिल्यांदा नागपूरला, दहा किलोमीटरच्या साध्या धावण्यात. शेवटची कमान समोर दिसली, माईकवरचा माणूस काहीतरी ओरडत होता, लोक टाळ्या पिटत होते, आणि सोनालीचे पाय तिला न विचारता रस्त्याच्या कडेला गेले. ती दुभाजकावर बसली. कमान शंभर पावलांवर होती. दुसऱ्यांदा पांढुर्ण्यातच, कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत, ओळखीच्या सगळ्या लोकांसमोर. तेव्हा तर दोरी दिसत होती. पोस्टातले लोक थट्टा करायला लागले, की सोनालीताई पानावर बसतात, वरण-भात कालवतात आणि घास घ्यायच्या वेळी उठून जातात. तीही हसायची. हसली नसती तर काय करणार होती? दुसऱ्या वेळी बाबा बघायला आले होते. ते नुसतं म्हणाले, "पाय दुखले असतीन." पाय दुखले नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं. मधुकरचा हा स्वभावच, की मुलीला खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून ते तिचं खोटं आधीच स्वतः बोलून टाकत.

खरं कारण कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या त्या एप्रिलमधलं. नागपूरच्या दवाखान्यात आई आत होती आणि डॉक्टरनं चिठ्ठीवर एका इंजेक्शनचं नाव लिहून दिलं होतं. कुठून तरी कळलं की तीन किलोमीटरवरच्या एका दुकानात ते आहे. रस्त्यावर रिक्षा नव्हती, माणूस नव्हतं. सोनाली चालत गेली, दुकानाबाहेर दोन तास उभी राहिली, आणि तिला ते मिळालं. मिळालं म्हणून ती धावत सुटली. शाळा सुटल्यापासून ती कधी धावली नव्हती. अर्ध्या वाटेवर चपलेचा अंगठा तुटला तेव्हा तिनं दोन्ही चपला तिथंच टाकल्या आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणी धावली. बर्फाच्या डबीत ठेवलेलं ते इंजेक्शन तिनं छातीशी धरलं होतं, आणि ती खूश होती. इतकी खूश ती लग्नातसुद्धा नव्हती. दवाखान्याच्या जिन्यात वॉर्डातली आया समोरून उतरत होती. तिनं सोनालीकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. आई दहा मिनिटांपूर्वी गेली होती.

पुढं कितीतरी दिवस सोनाली त्या दहा मिनिटांचा विचार करत राहिली. बंद पेट्रोल पंपावरून धावताना आई गेलेली होती. कडुलिंबाखाली क्षणभर दम खाल्ला तेव्हाही गेलेली होती. डॉक्टरांना माहीत होतं, आयाला माहीत होतं, दाराशी बसलेल्या बाबांना माहीत होतं. एकट्या सोनालीला माहीत नव्हतं, म्हणून तेवढी दहा मिनिटं आई फक्त तिच्यापाशी जिवंत होती. ती धावत होती तोवर होती. पोचली आणि गेली. हे शहाणपणाचं नाही हे तिला कळत होतं. पण पायांना कुठं शहाणपण असतं? त्यांनी त्या दिवशी एकच गोष्ट शिकून घेतली होती, की पोचू नये.

शिट्टी वाजली. सगळे पाण्यात शिरले तशी तीही शिरली, आणि गारठ्यानं छातीतला श्वास वरच्यावर अडकला. मग हात चालायला लागले. पाण्याशी तिची जुनी ओळख. आई गेल्यावर तिला झोप येत नव्हती. रविवारी ती सौंसरला बाबांकडं जायची, आणि एका रविवारी वावरातल्या विहिरीकडं बघत उभी असताना बाबांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "उतर. लहानपनी पोहत होती ना तू?" ती कपड्यांनिशी उतरली. त्या रात्री तिला झोप लागली. पुढं स्पर्धेचं ठरलं तेव्हा मधुकरनं सुतळी आणली, विहिरीच्या काठाकाठानं धरली, तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि सांगितलं, "पंच्याऐंशी फेऱ्या. दीड किलोमीटर." चौदा महिने, दर रविवारी, दर सुट्टीला, ती त्या विहिरीत गोल गोल फिरली आणि बाबा काठावर बसून मोठ्यानं फेऱ्या मोजत राहिले. फिरायचं तेही एकाच बाजूनं, मधलं पाणी उजव्या हाताला ठेवून. विहारात बुद्धाच्या मूर्तीभोवती आपण तसंच फिरतो, मग इथं उलटं काहून, असा बाबांचा प्रश्न. ती विहीर आजोबांनी खणलेली. आजोबांनी उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या विहिरीवर घागर घेऊन, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघण्यात काढली होती. मग दोन एकर झालं आणि त्यांनी पहिलं काम केलं ते हे. पहारीनं, सुरुंगानं, चार उन्हाळे. नात पुढं त्यात पोहायचा सराव करेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. पण पाण्यात तोंड घालून हात मारताना सोनालीला त्यांची आठवण आली आणि वाटलं, आपण ज्यांना कधी धन्यवाद म्हटलं नाही असे किती लोक आपल्याला आज तरंगवत आहेत.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आजूबाजूला कुणी नाही. सुरुवातीला लाथा लागत होत्या, कुणाचा हात डोक्यावर पडत होता. आता मोकळं पाणी. तिला बरं वाटलं. आपण चांगलं पोहतोय, गर्दी मागं पडली, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि आणखी जोर लावला. कानांत शिट्टी आली. दुसरी आली. तिसऱ्या शिट्टीला तिनं डोकं वर काढलं. शेजारी कोळ्यांचा एक डोंगा होता आणि त्यातला म्हातारा तोंडातली शिट्टी काढून शांतपणे म्हणाला, "कुठी चालल्या बाई? तिकडं माहे जाळे आहेत."

"मी सरळ जाऊन राहिली," ती दम खात म्हणाली.

"सरळ कुठी? गोल जाऊन राहिल्या. मघापासून पाहून राहिलो मी."

सोनालीनं वळून पाहिलं. स्पर्धेचे फुगे दूर डावीकडं होते, आणि त्यांच्याजवळून सगळ्यांचे हात वरखाली होत चालले होते. ती एकटी त्या अफाट धरणात, मधलं पाणी उजव्या हाताला ठेवून, एका विहिरीला वळसा घालायला निघाली होती. चौदा महिने तिच्या अंगाला उजवीकडं वळायला शिकवलं होतं आणि अंगानं ते मन लावून शिकून घेतलं होतं. तिला असं हसू फुटलं की नाकातोंडात पाणी गेलं. आज धरणाच्या काठावर येऊन बसलेल्या बाबांना हे सांगितलं तर ते काय म्हणतील? बहुधा म्हणतील, धरणच वाकडं असन. म्हातारा म्हणाला, "मी तुमच्या उजव्या अंगानं राहतो. डोंग्याले धडकल्या नाही म्हनजे समजा सरळ आहे." आणि तो राहिला. शेवटपर्यंत राहिला. चारदा ती त्याच्या डोंग्याला धडकली आणि चारही वेळा त्यानं वल्ह्यानं हलकेच टकटक केलं, कुणी दार वाजवावं तसं. पोहायला पन्नास मिनिटांची मुदत होती, ती अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला चिखलात पाय रोवून उभी राहिली. मागं वळून तिनं त्याला हात जोडले. तो तोवर आणखी कुणासाठी तरी शिट्टी फुंकत निघून गेला होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

सायकलीवर बसल्यावर अंगात ऊब आली. ही सायकल कुणालनं नागपूरहून जुनी आणलेली, पांढुर्णा स्टेशनच्या लोकांकडून पत्ता काढून. त्याची रेल्वेची नोकरी, आज सुट्टी मिळाली नाही म्हणून तो कालपासून तोंड पाडून बसला होता. पण पंक्चर काढायला त्यानंच शिकवलं; सकाळी ती सरावाला गेली की कणीक तोच मळायचा, आणि पोळ्या नकाशासारख्या झाल्या तर आधीच सांगून टाकायचा की आज मी मुद्दाम अशा केल्या. लोधीखेडा मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांचे बगीचे, तोडणी चालू, झाडांखाली संत्र्यांचे ढीग, आणि तो आंबट-गोड वास थेट डोळ्यांत जाणारा. लहानपणी आईच्या हातांना हिवाळाभर हाच वास असायचा. चंद्रकला दुसऱ्यांच्या बगीच्यात तोडणीला जायची आणि घरी येऊन पोरीची वेणी घालायची. वर्गात सोनालीच्या केसांना संत्र्याचा वास येतो म्हणून पोरी नाक दाबायच्या. तिला तेव्हा लाज वाटायची. आज तिनं तोंड उघडून तो वास आत ओढला आणि तिला वाटलं, किती श्रीमंत केस होते आपले. सौंसरच्या बसस्टँडपाशी वेग कमी करावा लागला. छिंदवाड्याकडं निघालेल्या बसचा कंडक्टर दारात लोंबकळत तिच्याबरोबरीनं आला आणि ओरडला, "मधुकरभाऊची पोरगी आहे ना व तू?" तिनं मान हलवली. "मंग हान ना जोऱ्यात," तो म्हणाला, आणि त्यानं खरोखरच ड्रायव्हरला सांगून बस मागं ठेवली. चौकापर्यंत ती आख्खी बस तिच्या मागं हळूहळू आली. तिकीट काढून बसलेली पन्नास माणसं, कुणाला बाजाराला जायचं, कुणाला कोर्टात, आणि ती सगळी तिच्यापायी खोळंबलेली.

रामाकोन्याच्या अलीकडून वळली तेव्हा वारा समोर आला. मांड्या भरून आल्या. पण त्याहून जड एक गोष्ट आता मनात यायला लागली होती. हे सगळे लोक आपल्याला काहीतरी देत आहेत: डोंगेवाला, कंडक्टर, कुणाल, बाबा, आणि आपण हे सगळं घेऊन जाणार आणि शेवटच्या शंभर पावलांवर ठेवून परत येणार. त्यांनी दिलेलं वाया घालवणार. तिला आपलीच भीती वाटली. आज नाही, असं ती प्रत्येक पॅडलला म्हणत राहिली. आज नाही, आज पोचायचं. म्हणता म्हणता धरण आलं, सायकल ठेवली, बूट बदलले. साडेनऊ वाजून गेले होते. दोरीपलीकडं बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, अंगात दोन स्वेटर, मफलर काना-डोक्यावरून बांधलेला. ते उठले नाहीत. तिच्याकडं पाहून नुसता पंजा वर केला, आणि ती धावायला लागल्यावर मागून म्हणाले, "घाई नोको करू, सोना. मी बसलोच आहे."

आठ किलोमीटर ती धावली. कशी धावली हे तिला नंतर कधी नीट आठवलं नाही. ऊन चढत गेलं, धुळीची पांदणवाट, दोन्ही बाजूंनी फुटलेली कपाशी, मागून पुढून जाणारे लोक हळूहळू विरळ झाले आणि मग उरलेच नाहीत. एका वळणावर पांदण उंचवट्यावर चढली आणि कपाशीच्या पलीकडं, दूर, पिवळी निशाणं दिसली. माईकचा आवाज आला. कुणाचं तरी नाव पुकारत होते, लोक टाळ्या वाजवत होते. आणि सोनालीचे पाय थांबले. आधी वेग गेला, मग चालणं गेलं, मग ती उभीच राहिली. पायांत गोळा नव्हता, छातीत दुखत नव्हतं. घड्याळात दहा चाळीस झाले होते. वीस मिनिटं होती आणि पावणेदोन किलोमीटर राहिलं होतं, भरभर चालत गेली असती तरी पोचली असती. पण इथं, या धुळीत, किती शांत होतं. इथं उभं राहिलं तर अजून काहीच झालेलं नाही. पलीकडं निशाणांखाली काय असेल ते असेल. कुणीतरी तिच्याकडं पाहील आणि तोंड फिरवील. बाबा चौऱ्याहत्तरचे. दोन स्वेटर घालून खुर्चीवर बसलेले. हे तिच्या मनात आलं आणि तिनं निशाणांकडं पाठ केली.

"काय झालं व बाई?"

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक म्हातारी उभी होती. साठी कधीच ओलांडलेली, काटक, कमरेला बांधलेल्या कापडाच्या झोळीत वेचलेला कापूस. सोनालीनं निशाणांच्या दिशेनं हात केला.

"तिकडं जाऊन राहिली? कोनाले काय झालं?"

सोनालीनं मान हलवली. कुणाला काही नाही, असं तिला म्हणायचं होतं.

"कोनी गेलं काय?" म्हातारीनं आवाज उतरवून विचारलं.

नाही म्हणायला सोनालीनं तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. पाच वर्षांत असं फुटलं नव्हतं. चढत्या उन्हात, दंडावर नंबर लिहिलेली, चिखलानं आणि घामानं माखलेली ती बाई पोटातून रडायला लागली, आणि म्हातारीला जे समजायचं ते तिनं समजून घेतलं. तिनं कमरेची झोळी सोडली, धुऱ्यावर ठेवली आणि मागं वळून हाक दिली, "नलिनी, माहं पाहजो व. मी आली जाऊन." मग सोनालीकडं वळली. "चाल. अशी एकटी नोको जाऊ. अंबाबाई म्हनते मले. मी येते संग."

आणि ती चालायला लागली. ती चालायला लागली म्हणून सोनालीही चालायला लागली. माणूस आपल्यासाठी काम टाकून निघालं तर आपण उभं कसं राहायचं? अंबाबाईचं चालणं म्हणजे तरुणांना लाजवणारं. सोनालीला तिला गाठायला मधूनमधून धावावं लागत होतं. "मावशी, तसं काही नाही हो," ती म्हणायला गेली. "नोको बोलू. दम राख," अंबाबाईनं तिला गप्प केलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मागून स्पर्धेचा एक स्वयंसेवक मोटरसायकलवर आला, छातीवर नावाची चिठ्ठी, रोहित. "मावशी, संग नाही चालता येत. रूल आहे," तो म्हणाला. अंबाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी धुऱ्यानं चालून राहिली, बापू. रस्ता तुहा, धुरा आमचा." रोहितनं सोनालीच्या तोंडाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि गाडी पुढं काढली. जणू त्यानं काहीच पाहिलं नव्हतं.

"माहा भाऊ गेला तवा मी अशीच पयत गेली होती," अंबाबाई मध्येच बोलायला लागली, समोर बघत, सोनालीला सांगते आहे की वाऱ्याला ते कळू न देता. "रामाकोन्याले. इथून तिथवर. रस्त्यानं किती लोकं दिसले, कोनी इचारलं नाही, बाई काहून पयते म्हनून. तवापासून मी कोनाले पयतानी पाह्यलं का संग जाते." धुऱ्यावरचा एक दगड तिनं ओलांडला. मग म्हणाली, "मले वाटे, गेलीच नाही तर? इथंच बसली झाडाखाली तर? मी नाही पोचली तर तो आहेच ना जित्ता. असं वाटे. वाटते व. सगळ्यायले वाटते."

पाच वर्षं जी गोष्ट सोनालीनं कुणालला सांगितली नव्हती, बाबांना सांगितली नव्हती, जी आपल्या एकटीच्या डोक्यातला बिघाड आहे असं ती समजून होती, ती ही कापूस वेचणारी बाई सगळ्यांना होणाऱ्या सर्दी-पडशासारखी सांगत होती.

"मग?" तिनं विचारलं.

"मंग काय? पोचाच लागते, माय. जे होते ते आपल्या पोचन्यानं होत नसते." अंबाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "अन् तिथं मानसं बसून असतात आपल्या वाटेकडं डोये लावून. त्यायले काहून ताटकयत ठेवाचं?"

निशाणं मोठी होत गेली. माईकवरचा आवाज आता नीट कळत होता, पाच मिनिटं राहिली असं तो सांगत होता. धुरा संपला आणि अंबाबाई सरळ रस्त्यावर उतरून दोरीबाहेरून तिच्याबरोबर चालू लागली. शंभर पावलं उरली. नेहमीची जागा. सोनालीला पाय कडेला वळताहेत असं वाटलं. खरंच वळले होते. कडेला अंबाबाई होती. तिनं वळून पाहिलं नाही, नुसता हातानं पुढचा रस्ता दाखवला, आणि सोनाली धावली. कमानीखाली बाबा खुर्चीतून उठून उभे होते. मफलर सोडलेला, तोंड उघडं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं नाही. ते तिच्याकडं बघतच राहिले, ती कमानीखालून जाईपर्यंत, दहा सत्तावन्नला, आणि ती येऊन त्यांच्या दोन्ही स्वेटरांत तोंड खुपसेपर्यंत. त्यांच्या छातीत ठोके चालू होते. तिनं कान लावून ऐकले. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं, कुणीतरी पाणी दिलं, आणि तिच्या मनात एकेक करून सगळे येत गेले, आजोबा, डोंगेवाला, कुणाल, ती थांबलेली बस, आणि सर्वांत शेवटी आई, संत्र्याच्या वासाच्या हातांची. आईला आता कुणी अडवून धरलेलं नव्हतं. ती कधीच गेली होती, आणि सोनालीचं तिच्यावरचं प्रेम होतं तिथंच होतं. तिला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटण्याची तिला सवय नव्हती.

तेवढ्यात अंबाबाई दोरीखालून आत शिरली. कुणी तिला अडवलं नाही. दम लागलेला, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेले. तिनं चारी बाजूंना पाहिलं: निशाणं, केळी खाणारे लोक, फोटो काढणाऱ्या पोरी, हसणारा म्हातारा बाप. रडणारं कुणी तिला दिसेना. ती सोनालीजवळ आली, तिचा दंड धरला आणि अगदी हळू विचारलं, "कोन गेलं, माय?"

"कोणी नाही, मावशी," सोनाली म्हणाली. हे शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकले, आपल्याच तोंडून. "कोणाले काहीच नाही झालं."

अंबाबाई तिच्याकडं बघत राहिली. "एवढी पयली. अन् कोनालेच काही नाही झालं?"

"नाही."

अंबाबाई तिथंच मातीत बसली. पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि मधुकरनं पुढं केलेलं पाणी घटाघटा प्याली.

"मंग तर लय चांगलं झालं व, माय," ती म्हणाली. "लय चांगलं झालं."